आता कागदावर काय घ्यायचं?

प्रश्न : मी तरुणपणापासून पुस्तकं जमवतो. कपाटं भरली, चष्म्याचा नंबर वाढला, म्हणून ई-रीडर घेतला. आता दुकानात पुस्तक आवडलं तरी मनात येतं, ई-बुक मिळेल की, नंतर बघू. कित्येकदा नमुन्याचं प्रकरण उतरवतो आणि तिथेच थांबतो. माझा संग्रह आता वाढायचा थांबला असं समजायचं का? आणि छापील घ्यायचं तर काय घ्यायचं?
– एक संग्राहक वाचक

उत्तर : संग्रह थांबलेला नाही, तुमची धास्ती गेली आहे. आपण पुस्तकवेडे लोक निम्मी खरेदी भीतीपोटीच करत आलो. आवृत्ती संपली तर पुन्हा निघेल की नाही, कोण सांगणार? म्हणून दिसलं की घ्यायचं, वाचू सवडीने. ई-बुकाचा साठा संपत नाही, त्यामुळे हात आपोआप आखडतो. नमुना वाचून थांबलात तर हळहळू नका. पूर्वी तेच पुस्तक न वाचता कपाटात गेलं असतं.

मी स्वतः रहस्यकथा, जाडजूड कादंबऱ्या, चालू विषयांवरची पुस्तकं आता पडद्यावरच वाचते. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, रात्री पडून वाचताना मनगट भरून येत नाही. ई-बुक वाचून झाल्यावर एखाद्या पुस्तकाकडे पुन्हा वळावंसं वाटलं, की मगच ते कागदावर घेते. यातून माझी खरेदी कमी झाली, पण घेतलेलं प्रत्येक पुस्तक वाचलेलं असतं.

काही पुस्तकांच्या बाबतीत मात्र मी वाट पाहत नाही. कवितासंग्रह, उदाहरणार्थ. अक्षर मोठं केलं की ओळ मध्येच मोडते, आणि कवीने ती कुठे तोडली होती हेच कळेनासं होतं. चित्रांची, नकाशांची पुस्तकंही कागदावरच. पहिली आवृत्ती, लेखकाची सही, जुनं वेष्टन यांना तर पर्यायच नाही. माझ्याकडच्या एका जुन्या संग्रहात आधीच्या मालकाने पेन्सिलीने समासात खुणा केल्यात. मी ज्या कविता ओलांडून गेले असते, नेमक्या त्यांच्याशेजारी. त्या खुणांमुळे मी त्या थांबून वाचल्या.

आता ई-बुकाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. बहुतेक दुकानांत आपण पैसे मोजतो ते वाचण्याच्या परवान्यासाठी. २००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडल या ई-रीडरमधून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, आणि पैसे परत मिळाले, हे खरं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-बुक दुकान बंद केलं, तेव्हाही पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली, आणि फुकट घेतलेलीही उघडेनात. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची खरेदी संगणकावर उतरवून ठेवायची सोयही अ‍ॅमेझॉनने काढून टाकली.

म्हणून जिथे प्रकाशक कुलूप न लावता, म्हणजे प्रत करण्यावर तांत्रिक बंधन न घालता, ईपब फाइल (ई-बुकांचा एक प्रचलित फाइल-प्रकार) देतो, तिथूनच घ्यायला प्राधान्य द्या. फाइल आपल्या संगणकावर ठेवा, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. आणि जे पुस्तक मुलांच्या हाती पडावंसं वाटतं, ते छापीलच घ्या. ई-बुकांचं खातं बहुधा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.