आधी गाव विचार

बेटा,

तुझं लांबलचक पत्र वाचलं. होस्टेलच्या मुली इंग्रजी गाणी तोंडपाठ म्हणतात, तू नुसती मान डोलवतेस, आणि रात्री मोबाइलवर शब्द बघून ‘अरे, हे तर सोपं होतं’ म्हणत स्वतःवर चिडतेस. इथवर ठीक. पण त्यासाठी तू घरची अहिराणी, मराठी शाळा आणि तालुक्याचं कॉलेज अशा तिघांना गुन्हेगार ठरवलंस, तिथं माझं डोकं फिरलं.

एवढ्या पत्रात एक प्रश्न कुठंच नाही. गाणारा कुठला? एसटीत शेजारी कुणी येऊन बसलं की तापीचा पूल यायच्या आत आपण विचारतो, ‘कोनता गावना शे भो?’ गायकाला मात्र तू गावच विचारत नाहीस. सगळ्यांना ‘इंग्रजी’ नावाच्या एकाच गावात नेऊन बसवलंस, आणि तिथली भाषा येत नाही म्हणून रडतेस. असं गावच नाही गं!

गायिका रिहाना कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरची. २०१६ साली तिचं ‘वर्क’ हे गाणं आलं तेव्हा इंग्रजी घरात जन्मलेल्या कितीतरी लोकांनी ‘ही काय बडबड’ म्हणून नाकं मुरडली. बडबड कसली, कॅरिबियन बेटांवरची बोली ती. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचा गायक मिक जॅगर लंडनजवळच्या डार्टफर्डचा, पण गातो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या ब्लूज गायकांच्या वळणानं. म्हणजे गायकाला गावं दोन असतात, एक जन्माचं आणि एक जीव जडलेलं. दोन्ही विचारायची. पीटर ट्रडगिल या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं १९८३ साली यावर लिहिलंय. बीटल्स या ब्रिटिश बँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर शब्दाच्या शेवटचा अमेरिकी ‘र’ जास्त सापडतो, पुढं पुढं तो कमी होत जातो, हे त्यानं मोजून दाखवलं. आणि स्कॉटलंडचा प्रोक्लेमर्स हा बँड, दोघे जुळे भाऊ. त्यांनी १९८७ च्या पहिल्याच अल्बममध्ये, ‘तुमचा तो गावठी र टाकून द्या’ म्हणणाऱ्यांवर एक गाणं करून टाकलं. तू अहिराणीचं काय करायचं म्हणून विचारलं होतंस ना? ते गाणं ऐक.

दुसरी गोष्ट, फक्त तुलाच कळत नाही हा गैरसमज. किंग्जमेन या अमेरिकी बँडचं १९६३ चं ‘लुई लुई’ घे. त्यात घाणेरडे शब्द आहेत अशी आईबापांची तक्रार गेली, आणि खुद्द एफबीआयनं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेनं, ती रेकॉर्ड वेगवेगळ्या वेगानं वाजवून ऐकली. निष्कर्ष काय निघाला? शब्द कळत नाहीत. सूर फार वर गेला की स्वर एकमेकांत मिसळतात, ‘ई’ आणि ‘आ’ वेगळे काढणं इंग्रजी घरातल्या पोरांनाही जड जातं. तिथं तू चार वेळा मागं नेऊन ऐकलंस तरी उपयोग नाही, पुढं जा.

जॅगरच्या गाण्यातल्या ‘कान्ट गेट नो’ (can't get no) मध्ये दोन नकार आहेत, मग अर्थ होकार होतो का, असं विचारलंस. नाही. तो नियम व्याकरणाच्या पुस्तकाच्या गावचा. लंडनच्या कामगार वस्तीत आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीत दोन नकार मिळून पक्का नकार होतो. ‘एन्ट’ (ain't) ऐकू आलं की लाल पेन काढायची सवय सोड. ती आम्ही मास्तरांनी लावली.

आमच्या कॉलेजात टेपरेकॉर्डर होता, कपाटात, कुलपात. जिम रीव्हज या अमेरिकी गायकाची कॅसेट घरून आणून वर्गात ऐकवायची मी किती वेळा परवानगी मागितली. ‘सर, पोर्शन राहिलाय’ एवढंच उत्तर. पेपर घडाघडा वाचणारी, पण बोललेलं वाक्य न पकडता येणारी पोरं आम्ही वर्षानुवर्षं पास केली, याचं वाईट वाटतं. म्हणून घरी टीव्ही बघताना मी खाली येणाऱ्या ओळी, सबटायटल्स, बंद करून बसतो. घरचे वैतागतात, म्हातारा हट्टी झालाय म्हणतात. म्हणू देत. ओळी समोर आल्या की कान झोपतो, हे मी बदलून सांगणार नाही.

तेव्हा शब्द आधी बघायचे नाहीत. ऐकू येईल तसं देवनागरीत लिही. ‘वॉटर’च्या जागी ‘वॉडर’ ऐकू आलं तर ‘वॉडर’च, ‘गॉना’ (going to), ‘लेमी’ (let me), जे कानावर पडेल ते. मग छापील शब्द शेजारी ठेव. दोन्ही जिथं जुळत नाहीत, तिथं गायकाचं गाव दिसतं. एकच चूक परत परत होते असं वाटलं, तर ती बहुतेक तुझी चूक नाही, त्याचा उच्चार आहे. चालू बोलीतले शब्द अर्बन डिक्शनरी या वेबसाइटवर मिळतील, पण तिथं कुणीही काहीही लिहितं, एका अर्थावर विसंबू नकोस.

आणि त्या मुलींचं फार मनावर घेऊ नकोस. त्याच आपल्या अहिराणी ‘हाई झुमकावाली पोर’ वर गॅदरिंगला नाचल्या असतील. ‘हाई’ म्हणजे आपली ‘ही’, इंग्रजीतलं ‘हाय’ नाही, हे त्यांतल्या कितींना ठाऊक? त्यांच्या मराठीला कुणी कच्ची म्हणालं का? तोंडपाठ म्हणणं वेगळं, कळणं वेगळं, आणि कळायचं तर गाव विचारावंच लागतं.

सुरुवात अ‍ॅबापासून कर. स्वीडनचा चौघांचा बँड, इंग्रजी त्यांच्याही घरची नाही, उच्चार स्वच्छ. मग अमेरिकी गायिका कॅरन कारपेंटर. रॅपला इतक्यात हात लावू नकोस, तिथं मीच अजून चाचपडतोय.

रविवारपर्यंत एक कडवं लिहून पाठव. डोक्यावर गायकाचं नाव आणि गाव हवं, नाहीतर तपासणार नाही. आणि वहीच्या पानाचा फोटो उभा काढ, मागच्या वेळी आडवा होता, वाचता वाचता मान धरली.

तुझे सर