डीएससीचा अर्ज थांबेल, पॉलिसीचे दिवस थांबणार नाहीत

या वेळचे पत्र साताऱ्याजवळच्या एका गावातील हवालदारांचे आहे. वय ३७, भूदलातील सेवा १७ वर्षे, मूळ वेतन ३७,०००. घरी पत्नी, बारा आणि आठ वर्षांची दोन मुले आणि वयस्क आईवडील आहेत. त्यांचा प्रश्न असा आहे की, पेन्शनला पात्र झालोच आहोत, तर आता स्वतःहून डिस्चार्ज घेऊन डिफेन्स सिक्युरिटी कोअर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ठिकाणांची राखण करणाऱ्या डीएससीमध्ये पुन्हा भरती व्हावे, की वर्दी उतरवून गावी यावे आणि बँकेत किंवा कारखान्यात नोकरी धरावी? पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात, जाता जाता सांगावे तसे, त्यांनी लिहिले आहे की अर्धी पेन्शन विकून, ग्रॅच्युइटी, फंड, रजेचे पैसे आणि गटविम्याची रक्कम मिळून ३० लाखांच्या आसपास येतील आणि ते सगळे ‘हमीच्या डबल योजनेत’ जाणार आहेत. योजना त्यांच्याच युनिटमधून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी सुचवली आहे. वर्षाला ४ लाख, सात वर्षे, आणि पंधराव्या वर्षाअखेर ५६ लाख. पहिला हप्ता बँकेकडून ११ टक्क्यांचे वैयक्तिक कर्ज काढून भरून झाला असून पॉलिसीचे कागद हाती येऊन, पत्र लिहिले त्या दिवशी, बारा दिवस झाले होते.

हवालदारसाहेब, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी खाली देणार आहे; पण तो निर्णय आज, या महिन्यात किंवा या वर्षातही घ्यावा लागणार नाही. पॉलिसीचे तसे नाही. आयुर्विम्याची पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत, ती पसंत नाही एवढ्याच कारणावरून, परत करता येते. तुमचे पत्र माझ्यापर्यंत पोहोचायला पाच दिवस लागले, म्हणजे तेरा दिवस उरले होते. म्हणूनच हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता मी तुम्हाला चार ओळी आधीच कळवल्या आहेत. त्या चार ओळींमागचे कारण आता सविस्तर सांगतो, कारण हीच योजना हातात घेऊन असेच एखादे ओळखीचे गृहस्थ इतर अनेक निवृत्त होणाऱ्या जवानांच्या दारात बसलेले असतात.

योजनेतील हमी खोटी नाही, पण ती कशाची आहे हे तुम्हाला कोणी सांगितले नाही. तुम्ही सात वर्षांत २८ लाख भरणार आणि पंधराव्या वर्षाअखेर ५६ लाख मिळणार, म्हणजे पैसे दुप्पट होतात, हे खरे. सात हप्त्यांची सरासरी धरली तर तुमचा पैसा सुमारे बारा वर्षे अडकतो, आणि बारा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सहा टक्के. नेमका हिशेब केला तर ते ५.९ टक्क्यांपर्यंत खाली येते. तुमच्या सेवेतील भविष्य निर्वाह निधीला आज ७.१ टक्के करमुक्त व्याज मिळते. तेच ४ लाख सात वर्षे ७.१ टक्क्यांनी ठेवले, तर पंधराव्या वर्षाअखेर ५६ नव्हे, ६४ लाख होतात. म्हणजे फंडातील पैसा काढून तुम्ही तो कमी व्याजाच्या जागी ठेवणार, आणि तोही पंधरा वर्षे हात न लावता येईल अशा रीतीने. महागाई सहा टक्के धरली, तर पंधरा वर्षांनंतरचे ५६ लाख म्हणजे आजचे साधारण २३ लाख. पहिल्या हप्त्यासाठी तर ११ टक्क्यांनी पैसे उचलून ते सहा टक्क्यांवर ठेवले गेले आहेत. ज्यांनी हे सुचवले त्यांच्या हेतूबद्दल मी काही म्हणत नाही, परंतु अशा पॉलिसीत कमिशनचा सर्वांत मोठा भाग पहिल्या हप्त्यावर मिळतो, आणि तुम्हाला कर्ज काढायला लावण्याइतकी घाई का झाली याचे उत्तर मला तरी दुसरे सापडत नाही.

आता या पैशाचा उगम पाहा. त्यातला सर्वांत मोठा वाटा पेन्शन विकून येणार आहे. सध्याच्या वेतनावर तुमची मूळ पेन्शन २१,००० च्या थोडी वर बसते. सैन्यदलांत तिचा अर्धा भाग विकता येतो. विकलेल्या भागाच्या वर्षभराच्या रकमेला ज्याने गुणायचे तो तुमच्या वयाचा गुणक सुमारे ९.१ आहे, म्हणजे दरमहा साडेदहा हजार सोडून तुम्हाला एकरकमी साडेअकरा लाख मिळतील. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो, तोपर्यंत तुम्ही जवळजवळ १९ लाख सोडलेले असता. व्याजाच्या भाषेत सांगायचे तर हे साडेअकरा लाख तुम्ही सुमारे सव्वासात टक्के दराने उचललेले आहेत. रक्कम करमुक्त असते आणि दुर्दैवाने निवृत्तिवेतनधारक मधेच गेला तर कुटुंब निवृत्तिवेतनातून ती वसूल होत नाही, त्यामुळे पेन्शन विकणे मुळातच वाईट आहे असे मी म्हणणार नाही. घर बांधण्यासाठी साडेआठ-नऊ टक्क्यांचे कर्ज टळत असेल किंवा डोक्यावरचे महाग कर्ज फिटत असेल, तर ते अवश्य करावे. सव्वासात टक्क्यांनी उचललेला पैसा सहा टक्क्यांच्या योजनेत गुंतवणे मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आणि घरखर्चाचे काय? महागाई भत्ता ५८ टक्के धरला, तर पूर्ण पेन्शन हातात ३३,००० च्या पुढे येते. अर्धी विकली तर २२,७०० च्या आसपास येते. महागाई भत्ता मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो, म्हणून ती निम्म्यावर येत नाही एवढेच. त्यातून वैयक्तिक कर्जाचा हप्ता, ४ लाख पाच वर्षांसाठी धरल्यास, ८,७०० जाईल. उरलेल्या चौदा हजारांत सहा माणसे आणि दोन शाळा. तुमचे ३० लाख तर पॉलिसीच्या २८ लाखांनी आधीच बांधलेले असतील, म्हणजे वडिलांचे आजारपण निघाले किंवा घराचा पत्रा उडाला, तर पुन्हा त्याच बँकेच्या दारात उभे राहावे लागेल. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हप्ता थांबवावा लागला, तर भरलेल्या पैशांतला काही भाग तिथेच जाईल. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे अशा पॉलिसी एका वर्षानंतरही काही मूल्य देतात आणि पूर्वीपेक्षा हे बरेच बरे आहे, पण तेरा दिवसांत जे जवळजवळ पूर्ण परत मिळू शकते ते नंतर मिळणार नाही.

म्हणून विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जा, किंवा रजा नसेल तर पत्नीला तुमच्या सहीचा अर्ज देऊन पाठवा आणि त्याच दिवशी तो ईमेलनेही धाडा. अर्जात ‘पॉलिसी मुदतीत परत करत आहे’ एवढेच लिहा, पोच घ्या, आणि पॉलिसी कोणत्या तारखेला मिळाली याचा पुरावा जपून ठेवा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि झालेल्या दिवसांपुरता विम्याचा भाग वजा होऊन बाकी पैसे परत येतात. टाळाटाळ झाली तर ‘बीमा भरोसा’ या शासकीय संकेतस्थळावर तक्रार करा, त्यानंतर विमा लोकपालांकडे जाता येते. सुभेदारसाहेबांना सांगण्याची गरज वाटत असेल, तर अर्जाची पोच मिळाल्यावर सांगा. पैसे आले की त्याच दिवशी कर्ज फेडा.

विम्याची गरज तुम्हाला खरोखरच आहे, आणि ती या पॉलिसीने भागत नव्हती. वर्षाला ४ लाख भरून तुमच्या कुटुंबाला सुमारे ४० लाखांचे संरक्षण मिळत होते. तुमच्या वयाला साठीपर्यंतचा एक कोटीचा निव्वळ मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स) वर्षाला साधारण पंधरा-वीस हजारांत मिळतो. सेवेत आहात तोवर सैन्याचा गटविमा पाठीशी आहे, डिस्चार्ज झाला की ते छत्र पूर्वीइतके मोठे राहत नाही, म्हणून मुदतीचा विमा वर्दीत असतानाच घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडण्याची एक किंमत तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. ‘वन रँक वन पेन्शन’ची, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन देणाऱ्या योजनेची जी अधिसूचना ७ नोव्हेंबर २०१५ रोजी निघाली, तिच्यानुसार त्यानंतर स्वतःच्या विनंतीने डिस्चार्ज घेणाऱ्यांना या योजनेचा लाभ मिळत नाही. त्या अटीला आव्हान दिले गेले आहे, पण निकाल आपल्याच बाजूने लागेल असे धरून घरखर्चाचा आराखडा आखता येत नाही. या योजनेत पेन्शनची फेरनिश्चिती दर पाच वर्षांनी होते. जुलै २०१९ आणि जुलै २०२४ पासूनच्या फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत हजारच रुपये वाढले असे केवळ उदाहरणासाठी धरले, तरी पुढच्या ४० वर्षांत सात फेऱ्या होऊन एकूण १७ लाखांच्या आसपास फरक पडतो. सेवेच्या अटी पूर्ण करून, म्हणजे हवालदार म्हणून २४ वर्षांनी बाहेर पडलात, तर हा प्रश्न उरत नाही, आणि सात वेतनवाढींमुळे मूळ पेन्शनही चारएक हजारांनी मोठी होते.

डीएससीच्या बाजूनेही एक भक्कम मुद्दा आहे. तिथे पहिली पेन्शन चालू राहून वर पगार मिळतो, आणि १५ वर्षे पूर्ण झाली तर दुसरी पेन्शन लागू होते. आज गेलात तर ५२ व्या वर्षी ती मिळते. ४४ व्या वर्षी गेलात तर १५ वर्षे वयात बसवणे अवघड होते. पगारासोबत पेन्शनवरचा महागाई भत्ता मिळेल की नाही हे वेतननिश्चिती कशी होते यावर अवलंबून असते, तो आकडा रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी घ्या. मात्र पुन्हा भरती शिपाई म्हणून होते आणि नेमणूक संरक्षण खात्याचे डेपो, तळ, कारखाने जिथे असतील तिथे, देशभर कुठेही होते. ‘डीएससी म्हणजे देहूरोड नाहीतर पुलगाव’ असे गावात बोलले जाते, ते नशीब असले तरच खरे ठरते. तुम्ही बाहेर पडण्याचे कारण मुलगा मोठा होतोय आणि घरी कर्ता माणूस नाही, असे दिले आहे. त्या कारणावर डीएससी हे उत्तर नाही. पगाराच्या दृष्टीने ती चांगली आहे, घराच्या दृष्टीने तुम्ही आहात तिथेच राहता.

गावी परतण्याचा हिशेब तुम्ही फार आशेने मांडला आहे. सरकारी बँकांमध्ये माजी सैनिकांना राखीव जागा आहेत, पण परीक्षा द्यावीच लागते. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर दहावी उत्तीर्ण सैनिकालाही ‘क’ गटातील अनेक बिगरतांत्रिक पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरले जाते, ही सवलत मोठी आहे. तिचा उपयोग करायचा तर अभ्यास बराकीतच सुरू व्हायला हवा. मेस्को, म्हणजे राज्याचे माजी सैनिक महामंडळ, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून मिळणारी सुरक्षारक्षकाची नोकरी हाच आधार धरला, तर पंधरा हजारांपेक्षा जास्त मोजू नका. पूर्ण पेन्शन आणि असे पंधरा हजार मिळून ४८ हजार होतात. आज तुम्हाला मूळ वेतन, सैनिकी सेवा वेतन आणि महागाई भत्ता मिळूनच ६६ हजारांच्या पुढे पडतात. सात वर्षांत हा फरक १५ लाखांच्या पुढे जातो. ‘आठवा आयोग आला की पेन्शन दुप्पट होईल’ हे वाक्य तर पत्रातून काढूनच टाका. सातव्या आयोगाचा २.५७ चा गुणक ऐकायला अडीचपट वाटला, पण त्यात आधीचा १२५ टक्के महागाई भत्ताच मिसळलेला होता. खरी वाढ १४ टक्क्यांच्या आसपास होती.

पैशाच्या अंगाने माझे मत स्पष्ट आहे की या वर्षी डिस्चार्जचा अर्ज करू नये. डीएससीचा दरवाजा चाळिशीपर्यंत तुम्हाला फायद्याचा राहतो, म्हणजे तीन वर्षे आहेत. त्या तीन वर्षांत बँकेच्या परीक्षेची तयारी होऊ शकते, ‘वन रँक वन पेन्शन’च्या अटीबद्दल अधिक स्पष्टता येऊ शकते, आणि फंडातली वर्गणी वाढवली तर पेन्शन विकण्याची गरजच कदाचित उरणार नाही. मुलगा तेव्हा दहावीला असेल आणि त्या वर्षी तुम्ही घरी असावे असे तुम्हाला वाटत असेल, तर पगारातला फरक सोसूनही घरी येणे चूक ठरणार नाही. तो हिशेब तुमच्या घरात बसून करायचा आहे, आणि तुमच्या चार पानांच्या पत्रात तुमच्या पत्नीला यांपैकी काय हवे आहे याचा उल्लेख मला एकदाही सापडला नाही. पॉलिसी परत केल्याची पोच मिळाली की मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात घराचा महिन्याचा खरा खर्च, फंडातील शिल्लक आणि त्यांचे म्हणणे, या तिन्ही गोष्टी असू द्या.