आधी डोनर आणा, मग पिशवी न्या?

प्रश्न: ताई, मागच्या महिन्यात आईचं ऑपरेशन होतं, दोन पिशव्या रक्त लागणार म्हणून रक्तपेढीत गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणे आधी दोन डोनर आणा. पैसे भरतो म्हटलं तरी ऐकेना. रात्री साडेअकराला एका मित्राला झोपेतून उठवून आणलं आणि दुसरा मीच झोपलो कॉटवर. तेव्हा जाम राग आला होता, आता वाटतं त्याचं तरी काय चुकलं, घेतलं तर द्यायला नको का?
- एक वाचक

उत्तर: दादा, आई आता कशा आहेत ते लिहिलंच नाहीत की!

तुम्हाला वाटतं ते बरोबरच आहे, आपल्याकडे शेजारणीचा डबासुद्धा रिकामा परत जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतोच. पण आधी साखर दाखव मग भाजी देते, असं शेजारीण म्हणते का?

पैसे देऊन डोनर आणणं सुप्रीम कोर्टाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून बंद झालं, आणि ही सक्ती तेच मागच्या दाराने परत आणते, कारण परगावच्या माणसाला रात्री मित्र कुठून मिळणार, तो गेटबाहेरच्या कुणाच्या तरी हातावर नोटा टेकवतो आणि मावसभाऊ म्हणून उभा करतो. 2002 चं राष्ट्रीय रक्त धोरणही बदली डोनर बंद करत आणा असंच सांगतं.

फॉर्मवर विचारतात ना, कावीळ झाली होती का, हल्ली टॅटू काढलाय का. शिबिरात स्वतःहून आलेला माणूस खरं सांगून उठून जातो, पण आत मावशी टेबलावर आणि बाहेर सगळं गणगोत बघत बसलेलं असताना कोण 'हो' म्हणेल? एचआयव्ही, कावीळ बी आणि सी वगैरे चाचण्या होतात, पण लागण अगदी ताजी असेल तर चाचणीतूनही निसटू शकते.

रक्तपेढीवाल्यांची अडचणही खोटी नाही हं. मे महिन्यात कॉलेजं बंद, फ्रीज रिकामा, आणि साहेबांच्या वाढदिवसाला एका दिवसात ढीगभर पिशव्या (वर हेल्मेट नाहीतर कुकर भेट!), पण लाल पेशी 35 ते 42 दिवसच टिकतात, प्लेटलेट तर 5च.

एवढं मनाला लागलंच असेल तर पुरुषांना 3 महिन्यांनी परत देता येतं, तुमचे भरले की त्या मित्रालाही घेऊन जा, आणि पेशंटचं नाव काय असं विचारलं तर कुणी नाही म्हणून सांगा.