काम झालं, शेवटचे ३० टक्के अडकले: फिटिंग काढून आणू का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. दोन बाथरूमचं प्लंबिंग तुम्ही पूर्ण केलं. ३० टक्के रक्कम यायची आहे. गिऱ्हाईक आधी नुसतंच ‘बघतो’ म्हणत होतं, आता एक नळ ठिबकतो म्हणून सगळेच पैसे धरून बसलंय. वर स्वयंपाकघराची लाइनही टाकून द्या, मग एकदमच हिशेब करू, असं सुचवतंय. आणि तुम्ही विचारताय की जाऊन फिटिंग काढून आणलं तर?

काढू नका. एकदा बसवलेला माल बहुतेक ठिकाणी कायद्याने घराचाच भाग धरला जातो, पैसे आले नसले तरी. परवानगीशिवाय आत शिरून काही उचकटलं किंवा बाहेरून पाणी बंद केलं, तर तक्रार तुमच्यावर होते. मग तुमची थकबाकी बाजूला पडते आणि सगळी चर्चा तुम्ही काय तोडलं यावर. चार माणसं घेऊन दारात उभं राहणं, शेजाऱ्यांना सांगत सुटणं, हेही त्यातलंच.

आधी तो नळ. नव्या लाइनमध्ये पाइप कापताना पडलेला कीस किंवा टेफ्लॉन टेपचा तुकडा वाहत येऊन कार्ट्रिजमध्ये, म्हणजे नळाच्या आतल्या पाणी चालू-बंद करणाऱ्या भागात, अडकतो आणि नळ नीट बंद होत नाही. बऱ्याचदा तेवढंच असतं. नळ गिऱ्हाइकाने स्वतः आणलेला असला तरी त्यावर आत्ता वाद घालू नका. जाण्याआधी लेखी मेसेज टाका: ‘उद्या सकाळी नळ दुरुस्त करायला येतोय. आणखी काही राहिलं असेल तर आजच यादी पाठवा, एकाच फेरीत उरकतो.’ त्यातला ‘आजच’ महत्त्वाचा. नाहीतर नळ झाला की फ्लश निघतो, फ्लश झाला की जाळी. दुरुस्ती झाल्यावर त्यांच्यासमोर सगळे नळ चालू-बंद करून दाखवा, व्हिडिओ काढा आणि ‘तपासलं, ठीक आहे’ एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या. मेसेजवर चालेल.

इथे गिऱ्हाइकाची बाजूही बघायला हवी. खरोखर दोष असेल तर काही रक्कम थांबवणं चुकीचं नाही. पण एका नळासाठी दोन बाथरूमचे पैसे अडवणं म्हणजे अडवणूकच. तेव्हा ‘नळाबद्दल वाद असेल तर नळापुरते ठेवा, बाकीचे या तारखेपर्यंत द्या’ असं स्पष्ट लिहा. वादातली आणि बिनवादाची रक्कम वेगळी मांडलेली असली की पुढे कुठेही जावं लागलं तरी तुमची बाजू स्वच्छ दिसते.

तुम्ही बिल दिल्याचं कुठे लिहिलेलं नाही. फोनवर आकडा सांगणं म्हणजे बिल नव्हे. ठरलेली रक्कम, मधे वाढलेलं काम वेगळ्या ओळीत, आतापर्यंत मिळालेले पैसे तारखांसह, बाकी, आणि ती देण्याची शेवटची तारीख, एवढं त्यात हवंच. सगळ्यात जास्त भांडणं वाढीव कामावर होतात, कारण ते ‘जरा हेही बघा ना’ म्हणून सुरू होतं आणि त्याचा दर कुणीच बोलत नाही. शिवाय बिल ज्याने काम सांगितलं त्याच्याच नावाने काढा. घरात राहणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असेल तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी साधी आठवण. आठवड्याने फोन, पण ‘कधी देताय?’ असं विचारू नका, त्याला ‘बघतो’ हे उत्तर तयार असतं. ‘शुक्रवारी किती पाठवताय?’ असं विचारा. फोन झाला की जे ठरलं ते लगेच मेसेजवर टाका. तरीही टोलवाटोलवी चालू राहिली तर १४ दिवसांची मुदत देणारं शेवटचं पत्र, आणि त्यात पुढे तुम्ही काय करणार ते. जे खरंच करणार असाल तेच लिहा. छोट्या रकमांच्या दाव्यांसाठी अनेक देशांत सोपी, कमी खर्चाची प्रक्रिया असते. दावा करायलाही कायद्याची मुदत असते, म्हणून वर्षानुवर्षं गोडीगुलाबीत घालवू नका.

गिऱ्हाइकाचा खरोखर हात तंग असेल तर हप्ते बांधून द्या, पण आधी एकूण किती देणं आहे हे त्यांच्या सहीने कागदावर येऊ द्या. मला हा कागद पहिल्या हप्त्यापेक्षाही मोलाचा वाटतो. आणि ‘एवढे घ्या आणि मिटवा’ म्हणाले तर वसुलीत जाणारा वेळ मोजून ठरवा. थोडं सोडणं कधी कधी शहाणपणाचं असतं. मात्र मिटवायचं नसेल तर ‘हिशेब पूर्ण’ असं लिहून आलेली रक्कम गुपचूप ठेवून घेऊ नका. ‘ही अंशतः मिळाली, इतकी बाकी’ असं लगेच उलट कळवा.

आता मूळ दुखणं. ३० टक्के शेवटी ठेवलेतच का? प्लंबरचं वजन सगळ्यात जास्त कधी असतं, तर भिंत उघडी असताना. पाइप टाकून झालेत, टाइल्सवाला थांबलाय, तुम्ही हो म्हटल्याशिवाय कुणी पुढे सरकू शकत नाही. त्या वेळी लाइन पाण्याने भरून प्रेशर टेस्ट घ्या, म्हणजे दाब देऊन कुठे गळत नाही ना ते तपासा, गिऱ्हाइकाला दाब दाखवणारं गेज दाखवा, काटा उतरत नाही याचा फोटो काढा आणि मोठा हप्ता तिथेच घ्या. कोटेशनमध्येच लिहा: मालाचे पैसे आधी, टेस्टनंतर हप्ता, मगच भिंत बंद. फिटिंग बसवायच्या आधी आणखी एक. शेवटी ५ ते १० टक्केच उरू द्या. तेवढी रक्कम गिऱ्हाइकाला धीर द्यायला पुरते आणि ती अडकली तरी तुमच्या पोरांची मजुरी थांबत नाही. अशा टप्प्यांना जे गिऱ्हाईक सुरुवातीलाच नाक मुरडतं, ते शेवटी काय करेल याचा अंदाज तिथेच येतो.

राहिलं स्वयंपाकघर. त्या कामाला अजिबात हात लावू नका. ‘एकदमच हिशेब’ म्हणजे आज ३० टक्के अडकलेत, उद्या त्यात नवं काम आणि नवा मालही अडकणार. नकारही देऊ नका, भांडण कशाला? ‘लाइन टाकून देतो. बाथरूमची बाकी जमा झाली की दुसऱ्या दिवशी माप घ्यायला येतो, मालाचे पैसे आगाऊ लागतील,’ एवढंच कळवा. त्यांना काम खरंच हवं असेल तर तुमचे पैसे सुटायला हेच कारण पुरेल.