मल्लखांब आपला, मग भारताचा पुरुष जिम्नॅस्टिक्स संघ ऑलिम्पिकला का दिसत नाही?

प्रश्नाखाली तुम्ही असंही लिहिलंय की, "जी पोरं खांबावर एवढं करतात त्यांना बारवर काय अवघड?" हे वाक्य मी लहानपणापासून घरात ऐकत आलोय, म्हणून लिहायला बसलो.

आपल्याकडे संघ नाही, कारण आपल्याकडे घोड्यावर कुणी पोरं घालत नाही. घोडा म्हणजे पॉमेल हॉर्स, वर दोन हँडलं असलेला कातड्याचा लांबट ठोकळा. पैसा, सामान, प्रशिक्षक ही कारणं खरी आहेत, जिम्नॅस्टिक्स महासंघातली भांडणंही खरी. मधली काही वर्षं महासंघाला सरकारी मान्यताच नव्हती, ती 2021 मध्ये परत मिळाली. पण हे सगळं उद्या सुटलं तरी घोडा आहे तिथंच राहील.

मी सांगलीचा. सातव्या वर्षी मल्लखांबाला लागलो. पहाटे साडेपाचला तालमीत हजर, खांबाला एरंडेल, हाताला राळ. दसरंग, बगली, ताजवा, सुईदोरा, खांबावरचे सगळे प्रकार केले. मल्लखांब पहिल्यांदा काय शिकवतो, तर अढी. पाय खांबाला गुंफायचे, मांड्यांनी खांब आवळायचा, मग हात मोकळे. अढी पक्की बसली की पोरगं पडत नाही. बाराव्या वर्षी शाळेतल्या सरांनी जिम्नॅस्टिक्सला नेलं आणि घोड्यावर पहिल्याच दिवशी माझे पाय आपोआप कातड्याला चिकटले. घोड्याचा कायदाच उलटा. तिथं टेकायचे ते फक्त हात. पाय जुळलेले, गुडघे ताठ, कंबर सरळ, आणि सगळं अंग दोन हातांभोवती गरगर फिरवायचं. पाय ज्या बाजूनं येतील त्या बाजूचा हात उचलून त्यांना वाट द्यायची आणि लगेच परत टेकवायचा. क्षणभर सगळा भार एका मनगटावर. पाय घासला, गुण गेले. थांबलात, गेले. पाच वर्षं ज्या पायांना धरायला शिकवलं, त्यांना आता काहीच धरू नका म्हणून शिकवायचं. असा एक पूर्ण फेरा म्हणजे सर्कल. मला एक सर्कल नीट यायला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. मागची सॉल्टो, म्हणजे हवेतली कोलांटी, शिकलं पोरगं तर गल्लीत टाळ्या पडतात. सर्कल आलं म्हणून कुणी टाळ्या वाजवल्याचं मी तरी बघितलं नाही.

इथं मामा आले. माझे मामा मिरजेचे, स्वतः कुस्ती केलेले, माझ्या खेळाचा खर्च बऱ्यापैकी त्यांनीच केला. ते रोज संध्याकाळी येऊन कठड्यावर बसायचे. एक दिवस सरांना म्हणाले, "ह्याची उडी चांगली आहे, ह्याला व्हॉल्ट आणि फ्लोअरच करू द्या. घोड्यावर वर्ष घालवून मिळणार काय?" व्हॉल्ट म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायची उडी, फ्लोअर म्हणजे जमिनीवरच्या उड्या. मी म्हणालो, मामा, संघाला सहाही साधनं लागतात: फ्लोअर, घोडा, रिंग, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार. त्यावर मामा म्हणाले, "संघाचं पदक कुणाच्या घरी खिळ्याला टांगतात?" सर गप्प बसले. सरांनाही पदक हवंच होतं. घोडा सुटला.

दहावीच्या वर्षी राज्य शालेय स्पर्धेला बालेवाडीला गेलो. कोल्हापूर विभागाच्या संघात आम्ही चौघं: सांगलीचे दोघं, एक मिरजेचा, एक कराडचा. सांगलीत आमचा घोडा म्हणजे उसवून परत शिवलेलं कातडं आणि एक हलणारं हँडल. तिथला घोडा ताठ, कातडं गुळगुळीत. चौघांतल्या वरच्या तिघांचे गुण धरायचे होते. कराडचा पोरगा पहिला गेला. तो आमच्यातला एकटाच घोडा मनापासून केलेला, दोन्ही मनगटांना पट्ट्या. त्याची सर्कल फार देखणी नव्हती, पण तो पडला नाही. मग मी. चॉक लावला, हँडल धरलं, पाय उचलले, दुसऱ्या सर्कलला डावा पाय हँडलला लागला आणि मी खाली. परत चढलो, परत खाली. तिसऱ्यांदा उतरताना पडलो. तेव्हा एका पडण्याला अर्धा गुण कापायचे, आता पूर्ण 1 कापतात. माझ्यामागचे दोघंही पडले, त्यामुळे माझे गुण संघात धरावेच लागले.

व्हॉल्टला मला वैयक्तिक ब्राँझ मिळालं. संघ चौथा आला. तिसऱ्या संघात आणि आमच्यात फरक 1.15 गुणांचा. माझी तीन पडणी दीड गुणांची. तो कराडचा पोरगा येताना एसटीत माझ्या शेजारी बसला होता, पट्ट्या सोडत. मला एक शब्द बोलला नाही. घरी मात्र मामांनी गल्लीत भडंग वाटली, पदक भिंतीवर टांगलं, आणि "बघ, मी म्हणालो होतो" हे वाक्य त्या दिवसापासून सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही.

हेच मोठं करून बघा. आशीष कुमारनं 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत व्हॉल्टला रौप्य, फ्लोअरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत फ्लोअरला कांस्य घेतलं. दीपा कर्माकर 2016 मध्ये रिओत चौथी आली, ती व्हॉल्टला. प्रणती नायकची आशियाई पदकंही व्हॉल्टचीच. ही मोठी माणसं आहेत, त्यांच्या मेहनतीपुढं मी कोण. पण ही पदकं आली ती धावून उडी मारायच्या नाहीतर फ्लोअरवरच्या उड्यांच्या साधनांवर. पुरुषांचा संघ त्यावर उभा राहत नाही. ऑलिम्पिकला फक्त 12 संघ जातात, आठ अंतिम फेरीत, आणि अंतिम फेरीत प्रत्येक साधनावर तिघं उतरतात, तिघांचेही गुण धरतात. सहा त्रिक अठरा. एकही टाकून द्यायचा नाही. बायकांची साधनं चार, त्यात घोडा नाही, रिंगही नाही.

ज्या हेलसिंकीत 1952 मध्ये आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ घेतलं, त्याच ऑलिम्पिकला भारताचे 2 पुरुष जिम्नॅस्टही होते. 1956 मध्ये 3 गेले, 1964 मध्ये टोकियोला 6. त्यानंतर पॅरिस 2024 धरून एकही पुरुष नाही. आणि त्याच 1960 ते 1976 मध्ये जपानच्या पुरुष संघानं लागोपाठ 5 सुवर्णं नेली.

आता पॅरिस 2024. अंतिम फेरी मी रात्री जागून बघितली. शेवटच्या साधनाआधी चीन तीन गुणांहून जास्त पुढं होता. मग हॉरिझॉन्टल बारवर त्यांचा सू वेदे दोनदा पडला आणि जपाननं 0.532 नं सुवर्ण नेलं. अमेरिकेला ब्राँझ मिळालं. त्यांचा स्टीफन नेदोरोसिक दोन-सव्वादोन तास नुसता बसून होता आणि शेवटी येऊन फक्त घोडा करून गेला. दुसऱ्या दिवशी मामांचा व्हॉट्सॲपवर मेसेज: "बघ, एकच साधन करून ऑलिम्पिकचं मेडल. मी काय सांगत होतो?"

मामा, त्यानं एकच साधन केलं, पण ते घोडा. बाकीचे जे टाळतात ते त्यानं केलं म्हणून त्याला संघात घेतलं. आणि अठरातली उरलेली सतरा त्याच्या चार जोडीदारांनी केली. ते चौघं आपापली एकेक उडी घेऊन बसले असते तर ह्याला घोड्यापर्यंत पोचायलाही मिळालं नसतं. संघाचं पदक पाच घरांत पाच खिळ्यांना टांगतात.

आता तुमच्या घरात किंवा ओळखीत पोरगं असेल तर माझं म्हणणं स्पष्ट आहे. मल्लखांब जरूर करू द्या, पण आठव्या-नवव्या वर्षी मशरूमवर घाला. मशरूम म्हणजे घोड्याआधीचा बसका, गोल, बिनहँडलचा ठोकळा. विकतचा परवडत नसेल तर सुताराकडून करून गादीवाल्याकडून रेक्झिन शिवून घ्या, आम्ही तसाच केलाय. किंवा छताला दोरी बांधून बादली लटकवा, बादलीत पाय ठेवून हातांवर फिरायला सांगा, कंबर सरळ ठेवायची सवय लागते. रोज वीस मिनिटं. आणि पोराला "किती पदकं आणलीस" विचारायच्या आधी "आज किती सर्कल झाली" विचारा. सरांना सांगा, दहावीच्या ग्रेस मार्कांसाठी एक साधन निवडू नका.

काही गोष्टी मागाहून सांगतो. मनगट दुखत असेल तर थांबवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, वाढत्या हाडाशी खेळायचं नाही. मल्लखांबाला मी कमी लेखत नाही, खांद्याची आणि पंज्याची ताकद मला तिथंच मिळाली, रिंगला ती उपयोगी पडली. उस्तादांनी शिकवलेलं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. आणि दहावीला मला त्या ब्राँझचे गुण मिळाले हेही खरं, मामांचं त्यातलं देणं मी नाकारत नाही.

हे उत्तर त्यांनाही पाठवतोय. आमच्या तालमीत सध्या अकरा पोरं मशरूमवर आहेत, त्यात मामांचा नातू आहे. परवा त्यानं सलग सात सर्कल काढली, एकदाही पाय न लावता. मामा कठड्यावरच बसले होते. मोजत होते.