‘हो’ म्हणजे नेमकं काय?

प्रिय मुली,

तुझा कोर्टासाठीचा पहिला रिपोर्ट वाचला. सहा पानं, त्यातली चार आलेखांनीच भरलेली. शेवटी लिहिलंयस, ‘एमएमपीआय-२ नुसार आरोपी आक्रमक आहे.’ हे वाक्य आधी खोड. सरकारी वकील त्यावरून ‘म्हणजे यानेच केलं’ इथपर्यंत पोचतील. एमएमपीआय-२ ही व्यक्तिमत्त्वाची चाचणी, तिच्यात ‘बरोबर’ की ‘चूक’ अशी खूण करायची ५६७ विधानं आहेत, पण त्या रात्री काय घडलं ते त्यातलं एकही सांगत नाही.

कोर्टाने नेमकं काय विचारलंय? ते पत्र पुन्हा काढ. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली (आपलं दंडविधानातलं जुनं ८४) मनोविकलतेचा बचाव असेल तर प्रश्न कृत्याच्या वेळच्या मनःस्थितीचा. तू चाचणी घेतलीस चौदा महिन्यांनी, तेही औषधं सुरू असताना. तिथे आधीचे केसपेपर आणि घरच्यांनी सांगितलेलं जास्त मोलाचं. फाशीच्या शिक्षेआधीचं मूल्यमापन मात्र निराळं. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या निकालानंतर आपल्याला ते काम येतं आणि तिथे माणूस मुळात कसा घडला हेच पाहायचं असतं.

आता ‘एफ श्रेणी उंचावली, म्हणून सोंग’ हे तुझं वाक्य. एफ म्हणजे लोक क्वचितच देतात अशी उत्तरं किती आली ते मोजणारी श्रेणी. याबाबतीत मी स्वतः तोंडावर आपटले आहे. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. कैदी चौथी शिकलेला, म्हणून विधानं मी वाचून दाखवत होते. समज, ‘मला झोप लागत नाही.’ (हे माझं, चाचणीतली विधानं रिपोर्टात उतरवायची नसतात, तूही उतरवू नकोस.) तो म्हणाला, “हो.” मी ‘बरोबर’वर खूण केली. एफ आकाशाला भिडला आणि मी ठोकून दिलं, सोंग करतोय. दोन दिवसांनी सहज विचारलं, “झोप लागत नाही ना रे?” तर म्हणतो, “हो, लागते की!” आणि आधी चाचणीत त्याने दिलेली ‘नाही’ची उत्तरं? “नाही, नाही लागत,” की “नाही, तसं काही नाही”? नकारार्थी वाक्याला आपण मराठी माणसं दोन्ही अर्थांनी हो-नाही म्हणतो, आणि मी निमूट खुणा करत गेले होते. उत्तरांतली विसंगती मोजणारी श्रेणी पाहिली असती तर तेव्हाच कळलं असतं. मी थेट आलेखावर उडी मारली होती.

एफ सोंगानेही वाढतो, खऱ्या आजारानेही, न समजल्यानेही आणि कंटाळून वाटेल तशा खुणा केल्यानेही. यातलं काय झालं ते आलेख सांगत नाही. पुन्हा भेटूनच ते कळतं.

आणि हो, हे उपचार नाहीत, तू बोलशील ते कोर्टात जाईल, असं त्याला सुरुवातीलाच सांगितलं होतंस का? रिपोर्टात तसा उल्लेख दिसला नाही.

सोमवारी येताना मूळ उत्तरपत्रिका आण. विधानं त्याने स्वतः वाचली की तू, हवालदार खोलीत होता की दाराबाहेर, आणि मध्ये चहा झाला का, हेही आठवून लिहून आण.

तुझी,
मॅडम