नियम असू देत, पण तीच माहिती किती वेळा द्यायची?

प्रश्न: माझं छोटं वर्कशॉप आहे, हाताखाली सहा माणसं. दर महिन्याला काही ना काही असतंच, रिटर्न, रिन्युअल, कुठला तरी फॉर्म, आणि सगळीकडे तोच पत्ता तेच नंबर परत परत भरायचे. हे नियमच काढून टाकले तर काय बिघडेल?

उत्तर: तुमचा वैताग अगदी रास्त आहे, पण नियमच काढा याला मी हो म्हणणार नाही. मशीनला गार्ड हवंच आणि कामगाराचा पगार बुडता कामा नये. गोची वेगळीच आहे, धंदा छोटा म्हणून फॉर्म भरायचा वेळ काही कमी होत नाही. मोठ्या कंपनीत त्यासाठी अख्खं डिपार्टमेंट बसलेलं असतं आणि तुमच्याकडे मालकच क्लार्क, मालकच अकाउंटंट, म्हणजे तो वेळ जातो कामातूनच. त्यात एका कागदावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, की निघाली त्रुटी, अर्ज परत, पुन्हा हेलपाटे. विक्री शून्य असली तरी निरंक रिटर्न भरायचंच, नाहीतर दंड.

याचा परिणाम कुठवर जातो बघा. १९८३ मध्ये पेरूच्या लिमा शहरात संशोधकांनी कपडे शिवायचं एक छोटं युनिट कायदेशीर रजिस्टर करून पाहिलं, रोज सहा तास खपून २८९ दिवस लागले! मग माणूस रजिस्ट्रेशनच्या फंदात पडतच नाही, आणि मग बँक दारात उभं करत नाही, करार मोडला तर दाद कुठे मागायची हाही प्रश्नच. फ्रान्समध्ये पन्नास कामगार झाले की बऱ्याच जबाबदाऱ्या वाढतात, म्हणून कित्येक कंपन्या ४९ वरच थांबलेल्या दिसायच्या. शेवटी २०१९ च्या कायद्याने ठरवलं की ती मर्यादा सलग पाच वर्षं ओलांडली तरच यातले बरेचसे नियम लागू.

म्हणजे नियम ठेवून जाच कमी करता येतो. अमेरिकेत १९८० च्या पेपरवर्क कायद्यामुळे केंद्र सरकारच्या फॉर्मला मंजुरीचा नंबर लागतो, तो नसेल तर फॉर्म भरला नाही म्हणून दंड करता येत नाही. मला तर एस्टोनियाची पद्धत सगळ्यात पटते, एका खात्याला दिलेली माहिती दुसऱ्याने तुमच्याकडे परत मागायची नाही, त्यांनी ती आपापसात घ्यायची. हे सगळीकडे व्हायलाच हवं.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. सगळ्या कागदांवर नाव-पत्ता अक्षरशः एकसारखा करून घ्या, बरेच अर्ज तिथेच अडकतात. पोचपावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, आणि त्रुटी असतील तर सगळ्या एकदम, लेखी आणि कुठल्या नियमाखाली ते लिहून मागा. कुठल्या फॉर्मला किती तास गेले हेही टिपून ठेवा. नव्या नियमाच्या मसुद्यावर हरकती मागवतात तेव्हा तुमच्या संघटनेमार्फत हेच आकडे पाठवा, नुसत्या "त्रास होतो" पेक्षा ते जास्त चालतात.